हो, बंद आहे

२४ ऑक्टोबर २०२५, नाशिक

काल भाऊबीज. संगमनेरला दादाकडे अकरापर्यंत पोहोचायचं होतं, पोहोचलो अडीचला. नाशिकरोडपर्यंत जाऊन दोनदा माघारी आलो. पहिल्यांदा गॅससाठी. दुसऱ्यांदा, गॅस बघायच्या गडबडीत कुलूप नीट लागलं की नाही यासाठी. दुसऱ्या वेळी रिक्षावाल्याने ह्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेतली कीव मला झोंबली आणि राग निघाला ह्यांच्यावर. निरांजन लावेपर्यंत आमचा अबोला.

आज एक उद्योग केला. ‘‘गॅस बंद आहे ना गं?’’ असं ह्यांनी विचारलं आणि मी ‘‘हो, बंद आहे’’ म्हटलं, की कॅलेंडरच्या मागे एक रेघ. रात्री दहाला मोजल्या. तेवीस.

आमच्या आजोळी अशा माणसाला ‘मंत्रचळ लागलाय’ म्हणत. मंत्र म्हणताना अक्षर चुकलं आणि माणूस चळला, ही आजीची उपपत्ती. कारण सांगितल्याशिवाय आजी कुठलाच आजार सोडत नसे. मी एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, मेंदूच्या आकृत्या फळ्यावर काढून खडू झिजवले, पण ह्या चळण्याचं कारण मला कुणी विचारलं असतं तर आजीइतकंसुद्धा सांगता आलं नसतं.

८ नोव्हेंबर

शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. याआधी तीन दवाखाने झाले. एकाने झोपेची गोळी दिली, दुसऱ्याने ‘रिटायर झालात, मन रमवा’ सांगितलं, तिसऱ्याने प्राणायाम. ह्यांनी प्राणायामही मोजून केला. मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून.

आजच्या डॉक्टरांनी दहा प्रश्न विचारले. मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, मोजणारी येल-ब्राऊन मापनपट्टी म्हणतात तिला. वेन गुडमन आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेली. पाच प्रश्न विचारांबद्दल, पाच कृतींबद्दल, प्रत्येकी चार गुण, एकूण चाळीस. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. विचार कशाचा आहे, याला गुणच नाहीत. गॅसचा असो, जंतूंचा असो, देवाबद्दल भलतंसलतं मनात येणं असो. त्याने दिवसाचे किती तास खाल्ले, कामात किती आडवा आला, जीव किती कासावीस झाला, तुम्ही त्याला अडवता का आणि तो अडतो का, एवढंच विचारायचं. परवा सोसायटीतली एक मुलगी उशा सरळ ठेवत ‘आय अ‍ॅम सो ओसीडी’ म्हणाली होती. तिला ही पट्टी लावली तर बहुधा दोनही गुण मिळणार नाहीत.

ह्यांना सव्वीस मिळाले.

‘‘म्हणजे पास ना?’’ ह्यांनी विचारलं. डॉक्टर हसले नाहीत, मी हसले.

सरट्रालिन सुरू केली, पन्नास मिलिग्रॅमपासून, हळूहळू वाढवत नेणार. डॉक्टरांनी आधीच बजावलं की नैराश्यात जेवढ्या डोसावर भागतं तेवढ्यावर इथे बहुतेकदा भागत नाही, आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात, तेव्हा पंधराव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून बंद करू नका. शिवाय दर शनिवारी एका थेरपिस्टकडे जायचं. एकतीस जानेवारीला पुन्हा तेच दहा प्रश्न.

११ नोव्हेंबर

पुतणी पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. करते. तिला म्हटलं, पुस्तकी गोळाबेरीज नको, मूळ शोधनिबंध पाठव. तिने पहिलाच पाठवला तो वाचून दुपारची झोप उडाली.

नेदरलंड्समधले दोन संशोधक, मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंड्ट. साल २००३. त्यांनी निरोगी विद्यार्थ्यांना संगणकावर एक गॅसची शेगडी दाखवली. बटणं फिरवायची, बंद करायची, बंद झाली का ते तपासायचं. असं वीस वेळा. दुसऱ्या गटाने मधल्या काळात शेगडीऐवजी दिवे तपासले. शेवटी दोन्ही गटांना विचारलं, की शेवटच्या वेळी तुम्ही शेगडीची कोणती बटणं तपासलीत? उत्तरं दोन्ही गटांची जवळपास सारखीच बरोबर. फरक पडला तो वेगळ्याच ठिकाणी. ज्यांनी शेगडी पुन्हा पुन्हा तपासली त्यांना ती आठवण पुसट वाटू लागली, तिच्यातले बारकावे गेले, आणि मुख्य म्हणजे तिच्यावरचा त्यांचा भरवसा उडाला. आठवण शाबूत, विश्वास गायब.

पुढे २००६ मध्ये माँट्रियलमध्ये अ‍ॅडम राडोम्स्की आणि सहकाऱ्यांनी खऱ्या स्वयंपाकघरातल्या खऱ्या शेगडीवर हाच प्रयोग केला. निष्कर्ष तोच.

म्हणजे आजवर आम्ही सगळे उलटंच समजत होतो. ह्यांना वाटायचं, आपली स्मरणशक्ती गेली म्हणून तपासावं लागतं. मुलाला वाटायचं, बाबांना विसरभोळेपणा आला. तर तसं नाही. तपासण्यामुळे आठवणीवरचा विश्वास जातो, आणि विश्वास गेला की पुन्हा तपासावं लागतं. विहिरीचं पाणी स्वच्छ आहे का बघायला दर वेळी बादली आपटायची आणि गढूळ झालं म्हणून पुन्हा आपटायची, तसं.

हे बाजारात गेले तेव्हा मी स्वतःवर करून पाहिलं. रेग्युलेटर फिरवला, बंद केला, हात लावून पाहिला. वीस वेळा. सातव्या-आठव्या वेळेनंतर हात आपोआप चालायला लागला. मग बाहेर येऊन खुर्चीत बसले आणि डोळे मिटून शेवटची वेळ आठवायला लागले. हात दिसेना. दिसत होते ते वीस हात, एकमेकांवर पडलेले, फोटोकॉपी बिघडल्यासारखे. बंद आहे हे माहीत होतं, तरी पायात उठायची ओढ आली. उठले नाही. पण ह्यांच्या आत काय चालत असेल, ते छत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा थोडंसं अंगावर आलं.

१६ नोव्हेंबर

थेरपिस्ट लेकीच्या वयाची आहे. ह्यांना तिचा धाक वाटतो, ही चांगली खूण.

तिच्या उपचाराचं नाव लांबलचक आहे, पण गोष्ट साधी. भीती वाटते त्या जागी मुद्दाम जायचं, आणि भीती शमवायला जी कृती आपण करतो तीच करायची नाही. ही कल्पना १९६६ साली व्हिक्टर मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये दोन रुग्णांवर वापरली. त्यातली एक शिक्षिका होती, धुण्या-पुसण्यात बुडालेली. तिच्या खोलीतले नळ बंद केले आणि तिने धुऊ नये म्हणून परिचारिका पाळत ठेवून राहिल्या. ऐकायला क्रूर वाटतं. पण त्याआधी या आजारापुढे डॉक्टरांनी जवळपास हात टेकले होते. फ्रॉईडने १९०९ मध्ये आपल्या ‘उंदीरवाल्या’ रुग्णाची भलीमोठी कहाणी लिहिली. अर्थ भरपूर लावला, पण इतरांना उपयोगी पडेल असं औषध तिच्यातून निघालं नाही. मेयरने अर्थ बाजूला ठेवला आणि नळ बंद केला.

आज मेयरसारखी पाळत ठेवत नाहीत, रुग्णाला विचारून पायरीपायरीने नेतात. २००५ मध्ये एडना फोआ आणि सहकाऱ्यांनी १२२ जणांवर बारा आठवड्यांची चाचणी केली. या उपचाराने ६२ टक्क्यांना गुण आला, क्लोमिप्रामिन या जुन्या औषधाने ४२ टक्क्यांना, दोन्ही मिळून ७० टक्क्यांना, नुसत्या खोट्या गोळीने ८ टक्क्यांना. तो शेवटचा आकडा मी पुन्हा पाहिला. इतर कितीतरी आजारांत साखरेच्या गोळीनेसुद्धा बऱ्याच जणांना बरं वाटतं. हा आजार असल्या समजुतीला बधत नाही.

२१ नोव्हेंबर

उंदीर आले शेवटी. जीवशास्त्राच्या बाईला उंदरांशिवाय चैन कुठली.

२००७ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात ग्वोपिंग फेंग यांच्या प्रयोगशाळेने सॅपॅप-३ नावाचं एक जनुक उंदरांतून काढून टाकलं. ते उंदीर स्वतःला इतकं चाटायला-खाजवायला लागले की तोंडावरची लव जाऊन जखमा झाल्या. फ्लुओक्सेटिन दिल्यावर ते कमी झालं. मग २०१३ मध्ये सुझान अहमारी आणि सहकाऱ्यांनी सॅपॅप-३ जनुकाला हात न लावता, उंदरांच्या मेंदूत प्रकाशाची बारीक तार घालून, कपाळामागच्या भागातून खोल गाभ्याकडे जाणारी वाट रोज थोडा वेळ चेतवली. पहिल्या दिवशी काही नाही. काही दिवसांनी चाटणं वाढलं, आणि तार बंद केल्यावरही टिकलं. ती वाट एकदा पेटवली म्हणून नव्हे, रोज रोज पेटवली म्हणून वळण पडलं.

माणसांतही तीच वाट. लुईस बॅक्स्टर यांच्या गटाने लॉस एंजेलिसमध्ये रुग्णांच्या मेंदूचे स्कॅन केले होते. १९९२ च्या निबंधात दिसतं की ज्यांना गुण आला त्यांच्या मेंदूतल्या कॉडेट या गाभ्याची उजव्या बाजूची धगधग कमी झाली. औषधाने बरे झालेल्यांचीही आणि नुसत्या वर्तनोपचाराने बरे झालेल्यांचीही. म्हणजे त्या लेकीच्या वयाच्या मुलीचं बोलणं गोळी जिथे जाते तिथेच जातं. रुग्ण मोजकेच होते, हे लक्षात ठेवायला हवं. वर्गात मी मुलांना नमुन्याच्या आकाराबद्दल टोकत असे, आता स्वतःला कशी सूट देऊ?

एक शंका मात्र राहतेच. उंदीर चाटतो, पण उंदराला ‘आपण नीट चाटलं ना?’ अशी शंका येते का? ह्यांच्या आजाराचा गाभा हात नव्हे, शंका आहे. पिंजऱ्यात हात सापडतो, शंका नाही.

(पंजे चाटून चाटून जखमा करणाऱ्या कुत्र्यांनाही क्लोमिप्रामिनचा उपयोग झाला, हे ज्युडिथ रापोपोर्ट यांनी १९९२ मध्ये दाखवलं होतं. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, ‘‘बरं आहे, मी एकटा नाही.’’)

२६ नोव्हेंबर

आज लिहू की नको, असं दिवसभर चाललं होतं.

सासूबाईंच्या सोवळ्याची आठवण निघाली. धुणं वाळत असताना कावळा बसला तरी पुन्हा धुवायचं. तेव्हा त्याला कुणी आजार म्हटलं नाही, उलट ‘कडक सोवळं’ म्हणून कौतुक. बंगालात याच तऱ्हेला शुचिबाई म्हणतात. कोलकात्याच्या मनोविकारतज्ज्ञ अजिता चक्रवर्ती यांनी १९७५ मध्ये तिच्यावर लिहिलं आहे. रीत कुठे संपते आणि रोग कुठे सुरू होतो? मला वाटतं, सासूबाईंना संध्याकाळी रडू यायचं, तिथे. धुऊन झाल्यावर समाधान मिळायला हवं होतं, ते मिळत नसे.

पण खरं लिहायचं ते वेगळंच. स्टॅनली रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डि सिल्वा यांचा १९७८ चा निबंध वाचला. त्यांनी निरोगी माणसांना विचारलं, नकोसे, भयंकर, लाज वाटावी असे विचार तुमच्या मनात आपसूक येतात का? सुमारे ८० टक्के ‘हो’ म्हणाले. रुग्णांचे विचार आणि निरोग्यांचे विचार मिसळून जाणकारांपुढे ठेवले, तर कुठला कुणाचा हे त्यांनाही धड वेगळं करता येईना. विचार सगळ्यांना सारखेच येतात. कुणी ‘काय हा वेडेपणा’ म्हणून पुढे जातो, कुणी त्या विचाराचा अर्थ लावत तिथेच उभा राहतो.

सहा वर्षांपूर्वी नातू दोन महिन्यांचा होता. चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत त्याला उन्हात घेऊन उभी होते, आणि मनात आलं, याला खाली टाकलं तर? मी आत आले आणि त्याला सुनेकडे दिलं. पुढे दोन आठवडे बाल्कनीत गेलेच नाही. हे मी कुणालाही सांगितलं नाही. पाप म्हणून मनात दडपून ठेवलं होतं.

रात्री ह्यांना सांगितलं. हे बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘‘तू मला विचारलं असतंस, मी बरी आहे ना, तर मी हो म्हटलं असतं.’’

३ डिसेंबर

आज पहिल्यांदा ‘हो’ म्हटलं नाही.

थेरपिस्टने तिघांनी मिळून ठरवलेलं वाक्य कागदावर लिहून दिलंय, ‘‘माहीत नाही. बघू काय होतं.’’ ह्यांची त्यावर सही आहे. हे ती वारंवार सांगते, की रुग्णाच्या संमतीशिवाय घरच्यांनी अचानक तोंड फिरवायचं नाही. तो उपचार होत नाही, ती शिक्षा होते. आणि एक वाक्य माझ्यासाठी बोलली, ‘‘काकू, काकांना हात धुवायचा आजार असता, तर तुमचं हो म्हणजे साबण.’’ घरच्यांच्या अशा साथ देण्यावर १९९५ पासून मोजून-मापून अभ्यास होत आला आहे. जिथे घरचे जास्त साथ देतात तिथे आजारही जास्त बळावलेला दिसतो. मी तर प्रेमाने म्हणत होते. बरं, सगळंच प्रेमाने असंही नाही; निम्म्या वेळा प्रश्न मिटावा म्हणून.

रात्री पावणेअकराला ह्यांनी विचारलं. मी कागदावरचं वाक्य म्हटलं. हे माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी ओळखीची नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा आवाज चढला. ‘‘एक शब्द बोलायला तुझं काय जातं?’’

माझं खूपच जात होतं.

४ डिसेंबर

सकाळी गॅस बंदच होता. आम्ही दोघंही त्याबद्दल काही बोललो नाही.

११ डिसेंबर

मळमळ कमी झाली, झोप अजून विस्कटलेली. गोळीचा गुण दिसत नाही, पाचवा आठवडा चालू आहे.

हे पोस्टाच्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये होते. रात्रपाळीत धावत्या डब्यात पत्रं वर्गवार लावायची, पिशव्यांची सीलं तपासायची. एक रजिस्टर हरवलं तर चौकशी. ह्यांचं एकही हरवलं नाही. निरोपाच्या समारंभात साहेबांनी ते मुद्दाम सांगितलं होतं. पॉल सॅल्कोव्हस्किस यांनी १९८५ मध्ये मांडलं की या आजाराच्या मुळाशी जबाबदारीची फुगलेली जाणीव असते: काही वाईट घडलं तर ते माझ्यामुळेच, आणि मी टाळू शकत असताना टाळलं नाही तर मी गुन्हेगार. वाचून वाटलं, ज्या गुणाचे सरकारने ह्यांना पस्तीस वर्षं पैसे दिले, तोच आता बिनपगारी कामाला लागलाय. पोस्टामुळे आजार झाला, असं मी म्हणत नाही. आजाराला वापरायला हत्यार तयार मिळालं, एवढंच.

२० डिसेंबर

मुलाचा फोन. ‘‘आई, हे माझ्यात येईल का?’’ फिरवून फिरवून शेवटी हाच प्रश्न. त्याला नवी माहिती सांगितली. २०२५ मध्येच ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये मोठा अभ्यास आला. ५३,००० हून जास्त रुग्ण, सुमारे वीस लाख निरोगी माणसं, आणि जनुकसंचात धोक्याशी जोडलेल्या तीस जागा. एकेका जागेचा भार अगदी किरकोळ. घराण्यात चालतं हे खरं, पण जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्म्याच्या आसपास निघतो, म्हणजे बाकीचं आयुष्यातून येतं. एकच एक ‘मंत्रचळाचं जनुक’ नाही.

‘‘म्हणजे हो की नाही?’’ तो म्हणाला.

मी म्हटलं, ‘‘माहीत नाही. बघू काय होतं.’’ त्याला हसू आलं नाही. त्याला त्या कागदाची गोष्ट माहीत नव्हती.

१४ जानेवारी २०२६

संक्रांत. तिळगूळ घेऊन दादाकडे. निघताना गॅस एकदाच बघायचा, कुलपाला एकदाच हात, रिक्षात बसायचं. ह्यांच्या खिशात छोटी डायरी. थेरपिस्टने सांगितल्याप्रमाणे आधी लिहायचं, काय होईल असं वाटतं. ह्यांनी लिहिलं, ‘घर जळेल. शेजारच्या पोराला भाजेल.’ मग दर वीस मिनिटांनी बेचैनी शंभरपैकी किती ते. भीती ओसरायची वाट बघत बसणं हा उद्देश नाही म्हणे; आपण धरलेला अंदाज आणि घडलेली गोष्ट यातलं अंतर मेंदूला दाखवायचं.

नाशिकरोड: ९०. शिंदे-पळसे: ८५. सिन्नरला एसटी थांबली तेव्हा हे उतरले. मला वाटलं, झालं, आता परतीची गाडी बघतील. हे वडापाव घेऊन आले. ७०. दोडी येईपर्यंत ७५, कारण मध्ये अग्निशमन दलाची गाडी दिसली. संगमनेर: ५०.

घर जळलं नव्हतं. शेजारचं पोर पतंगाच्या मांजाने बोट कापून बसलं होतं.

३१ जानेवारी

आज बारा आठवडे पूर्ण. पुन्हा तेच दहा प्रश्न. ह्यांनी उत्तरं देताना मध्येच विचारलं, ‘‘डॉक्टर, पाचवा प्रश्न मागच्या वेळी मी थोडा वाढवून सांगितला असेल, तर?’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘माहीत नाही. बघू.’’ त्यांनाही कुणी तो कागद दाखवला असावा.

अठरा आले. सव्वीसाचे अठरा.

वाटलं, चांगलंच की. मग डॉक्टरांनी हिशेब सांगितला. संशोधकांनी २०१६ मध्ये एकमताने ठरवलंय की सुरुवातीच्या गुणांत किमान ३५ टक्के घट झाली आणि बाकी परिस्थितीही सुधारली, तर ‘गुण आला’ म्हणायचं. २५ ते ३५ च्या मधलं म्हणजे अर्धवट. आमची घट जवळपास ३१ टक्के. सोळावर आले असते तर झालं असतं. औषधाचा डोस वाढेल, शनिवार चालू राहतील.

जिन्याने उतरताना ह्यांचा चेहरा दहावीचा निकाल घेऊन येणाऱ्या पोरासारखा.

‘‘पस्तीसलाच पास ना इथेही?’’ हे म्हणाले. ‘‘दोन मार्कांनी राहिलो.’’

‘‘पुरवणी परीक्षा असते,’’ मी म्हटलं.

‘‘पेपर पुन्हा तपासून मिळतो का?’’

मी उत्तर दिलं नाही. हे थोडं थांबले, आणि मग स्वतःच हसले.